बाळ ४ किलो १२० ग्रॅमचे आणि नणंदेने पाठवलेला लेख

ताळगावचं_वांगं
नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी लिहितेय. आधी पोट आडवे येत होते, आता मांडीवर पोर आहे.

दीड महिन्यापूर्वी दुसरा मुलगा झाला. वजन ४ किलो १२० ग्रॅम. नर्सने एकदा वजन केले, भुवया वर गेल्या, बाळाखालचे ओले फडके ओढून काढले आणि पुन्हा केले. थोरली २ किलो ९०० होती, त्यामुळे असल्या आकड्याची आमच्या घराला सवय नाही. सासूबाईंनी सगळ्यांना ताकीद दिली, वजन बाहेर कुणाला सांगायचे नाही, दृष्ट लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव घेताना पोदेराला स्वतःच सांगून आल्या.

परवा नणंदेने घरच्या ग्रुपवर एका लेखाचा फोटो टाकला. जन्माच्या वेळी वजन जास्त असेल तर लहानपणी कॅन्सर व्हायचा धोका जास्त, अशा अर्थाचा. खाली तिने हात जोडलेले चित्र टाकलेय. हेतू वाईट नसेल तिचा. पण रात्री दोनला बाळाला पाजताना एका हाताने मोबाईल धरून मी शोधत बसले, तर सगळीकडे तेच. ४ किलोच्या वर वजन असेल तर ल्युकेमियाचा धोका पाव पटीने जास्त. डॉक्टरांना विचारले तर ‘नेटवर कशाला वाचता’ म्हणाले, विषय संपला.

माझे प्रश्न दोनच. हे खरे आहे का? आणि खरे असेल तर मी काय करायचे? रक्त तपासून आणू का त्याचे?

मुगागाठी
अभिनंदन गो! ४१२० म्हणजे बारशाची घाई नको, थेट अंगणवाडीत नाव घाल.

उंडो_भाजी
नणंदेला ग्रुपमधून काढ. धोका शून्यावर.

कोष्टक
लेख खोटा नाही. पण पाव पट म्हणजे कशाची पाव पट, ते त्या फोटोत बहुधा आले नसेल. तेवढे मी सांगतो, पोटापाण्यासाठी आकडेच मोडतो.

२०१५ साली ब्रिटन आणि अमेरिकेतल्या नोंदी एकत्र करून एक मोठा अभ्यास छापून आला. कॅन्सर झालेली ४० हजार मुले आणि तुलनेला त्याच्या दुपटीहून जास्त निरोगी मुले. त्यात जन्मवजन अर्धा किलोने वाढले की बालपणीच्या सगळ्या कॅन्सरांचा मिळून धोका सुमारे ६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. तू वाचलेला पाव पटीचा आकडा लहान मुलांतल्या सगळ्यात नेहमीच्या ल्युकेमियाचा, एएलएलचा आहे. तोही अनेक अभ्यासांत साधारण तसाच येतो.

आता मुळात लहानपणीचा कॅन्सर, सगळे प्रकार मिळून, किती मुलांना होतो ते बघ. जगाचा हिशेब धरला तर १५ वर्षांखालच्या १० लाख मुलांमागे वर्षाला १४० च्या आसपास नवे रुग्ण. १५ वर्षांचे मिळून झाले २१००. म्हणजे हजारात दोन. तुझे बाळ ३ किलो १०० च्या बाळापेक्षा किलोभर जास्त, म्हणजे अर्ध्या किलोच्या दोन पायऱ्या, १२ टक्के. हजारात २.१ होते ते झाले २.३५. तुझ्या बाळासारखी ४००० बाळे रांगेत निजवलीस तर वजनामुळे एखादे जास्त. बाकीच्या ३९९९ ना त्या वजनाने काही केलेले नाही.

उंडो_भाजी
कोष्टकराव, गोंयकाराला समजेल असे सांगतो. ल्युकेमियाच्या लॉटरीचे प्रत्येक पोराच्या नावावर एक तिकीट असते, हिच्या पोराच्या हातात सव्वा तिकीट आहे. बरोबर?

कोष्टक
अगदी बरोबर. आणि आयुष्यभर सव्वा तिकीट घेऊन साधी शंभराची नोट न लागलेली माणसे म्हापशाच्या बाजारात रोज भेटतात.

शंका_कुशंका
एक मिनिट. हे सगळे गोऱ्या पोरांचे अभ्यास. आपल्याकडे सरासरी बाळ २ किलो ८०० चे. तिकडचे ४ किलो आणि आपले ४ किलो एक कसे? इथे ४ किलो म्हणजे खूपच झाले. हजारात २.३५ वगैरे दशांश चिन्हे ऐकायला छान वाटतात, पण ती दुसऱ्याच्या घरची.

कोष्टक
मुद्दा मान्य. पण एक बघा. ४ किलो ही काही उंबरठ्यासारखी रेघ नाही, की अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे धोका. चढ हळूहळू आहे. म्हणून नुसते किलो न मोजता, आईची उंची, आठवडे, मुलगा की मुलगी हे सगळे धरून बाळ जेवढे व्हायला हवे होते त्यापेक्षा किती जास्त वाढले, असेही काही संशोधकांनी मोजले. एएलएलचा संबंध त्या मोजणीतही टिकला. तुमचे सरासरीचे म्हणणे धरून एखादी पायरी आणखी वाढवा. मूळ आकडाच एवढा लहान आहे की उत्तर फारसे बदलत नाही.

कच्चा_आंबा
मूळ कारण कोणी बोलतच नाही. खते, मोबाईलचे टॉवर, डब्यातले दूध. आमच्या आजीला नऊ मुले, सगळी घरी झाली, कॅन्सर कुणाला ठाऊकही नव्हता.

मुगागाठी
@कच्चा_आंबा, नवांपैकी मोठी किती झाली?

कच्चा_आंबा
सहा.

मुगागाठी
मग उरलेली तीन कशाने गेली ते आजीलाही कुणी सांगितले नसेल. असो. मी गप्प.

सूक्ष्मदर्शक
पॅथॉलॉजीत पस्तीस वर्षे काढून निवृत्त झालो. सध्या पोफळी आणि हा धागा सांभाळतो.

ताळगावताई, वजनाचा नि ल्युकेमियाचा संबंध कुठून येतो ते सांगतो, म्हणजे भीती थोडी जागेवर येईल. पोटातल्या बाळाला वाढवणारी काही द्रव्ये असतात, इन्सुलिनसारखीच दिसणारी, आयजीएफ म्हणतात. ती जास्त तर पेशी जास्त वेगाने दुणावतात, रक्त तयार करणाऱ्यासुद्धा. जितक्या जास्त नकला निघतील तितकी एखादी नक्कल चुकायची संधी जास्त. एवढाच तर्क आहे आणि तो पटण्यासारखा आहे.

आता यातली खरी रंजक गोष्ट. नवजात बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतात ना, ते कागद काही देशांत वर्षानुवर्षे जपून ठेवतात. १९९७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांचे जन्माच्या वेळचे ते वाळलेले ठिपके शोधून काढले आणि त्यात आजाराची पहिली जनुकीय चूक आधीपासून बसलेली सापडली. आजार दिसला काही महिन्यांनी, वर्षांनी, सुरुवात पोटात. पुढे निरोगी बाळांच्या नाळेचे रक्त तपासले, तर तसलीच एक चूक शंभरात एकाकडे निघाली. ल्युकेमिया मात्र त्यातल्या फारच थोड्यांना होतो. दुसरा धक्का लागावा लागतो, आणि बहुतेकांना तो लागत नाही.

म्हणून रक्त तपासायला नेऊ नका. आज बाळाचे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, चांगले आले तर त्याने पुढची काही हमी मिळत नाही, आणि एखादा आकडा इकडेतिकडे आला तर तुम्ही महिनाभर झोपणार नाही. धडधाकट बाळात ल्युकेमिया आधीच हुडकायची चाचणी नसते.

शंका_कुशंका
काका, मग कमी वजनाची बाळे सुटली म्हणायची?

सूक्ष्मदर्शक
सगळीकडे नाही. यकृताचा एक कॅन्सर आहे, हेपॅटोब्लास्टोमा. तो १५०० ग्रॅमच्या आतल्या बाळांत कित्येक पटींनी जास्त. जपानी डॉक्टरांच्या हे १९९० च्या दशकात लक्षात आले, कारण आधी न वाचणारी अगदी इवली बाळे तेव्हा वाचू लागली होती. तरी तो आजार मुळातच फार दुर्मिळ. डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमाचा वजनाशी संबंध दिसत नाही. प्रत्येक कॅन्सरचे गोत्र वेगळे.

एक अपवाद सांगून ठेवतो. बाळ मोठे, शिवाय जीभ तोंडात न मावणारी, बेंबीशी मोठा हर्निया, शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा जाड, असे काही एकत्र असेल तर त्याला बेकविथ-वीडमन सिंड्रोम म्हणतात. त्या मुलांना मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या गाठीचा धोका खरोखर मोठा, म्हणून साधारण सात वर्षांचे होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करतात. तुमच्या बाळाची जीभ कशी आहे?

ताळगावचं_वांगं
काका, जीभ नाही, फक्त आवाज तोंडात मावत नाही. बाकी दोन्ही पाय सारखे जाड. आत्ता फूटपट्टी लावून बघितले, नवरा दारात उभा राहून हसतोय.

उंडो_भाजी
बाकी कॅन्सरचा विषय निघालाच आहे तर २०१८ चा, मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन लावतात म्हणून झालेला गोंधळ आठवतो का? आमच्या आईने घरात बांगडा आणणे बंद केले. वीस दिवस बटाटा. एकविसाव्या दिवशी बाबा म्हणाले, मरायचे तर हुमण खाऊन मरू.

मुगागाठी
आमच्याकडे तेव्हा गळ घेऊन मांडवीवर बसणारे किती तरी निघाले. मासा एकालाही मिळाला नाही.

फणसाचा_गरा
अवांतर थांबवा रे. एक आई विचारतेय.

थिवीची_गाडी
इथे सहसा वाचते फक्त. आज लिहिते.

माझ्या मुलाला झाला होता. विल्म्स ट्यूमर, मूत्रपिंडाचा. जन्मवजन २ किलो ६००. म्हणजे वरच्या हिशेबात तो कुठल्याच वाईट रांगेत नव्हता.

साडेतीन वर्षांचा होता. चवथीच्या आधीचा आठवडा, घरात माटोळीची तयारी. न्हाऊ घालायच्या आधी पोटाला तेल चोळत होते तर डाव्या बाजूला हाताला काहीतरी लागले. उकडायच्या आधीचे कणंग असते तेवढे, तसेच घट्ट. त्याला दुखत नव्हते, गुदगुल्या होतात म्हणून हसत होता. ज्या डॉक्टरांकडे आधी गेलो त्यांनी जंतांचे औषध दिले. दहा दिवस. त्या दहा दिवसांत मी रोज न्हाणीत दाबून बघायची, कमी झाले का. नंतर कळले की तेच करायचे नसते. अशी गाठ दाबाने फुटू शकते. अजून कधी कधी रात्री माझ्या बोटांना ते आठवते.

सोनोग्राफी झाली आणि पुढे परळचे टाटा. आधी चार आठवडे औषधे देऊन गाठ लहान केली, मग डावे मूत्रपिंड काढले, मग पुन्हा औषधे. कोकणकन्येने किती फेऱ्या झाल्या ते मोजायचे सोडून दिले. थिवीला रात्री फलाटावर तो माझ्या खांद्यावर झोपलेला असायचा, टोपीखाली एक केस नाही. त्याला वाटायचे टाटा हे कुणा माणसाचे नाव. ‘आज टाटाकाका सुई टोचणार?’ असे विचारायचा. आता नववीत आहे. फुटबॉल खेळतो. आहे ते मूत्रपिंड जप म्हणून मी रोज ओरडते, तो रोज ऐकत नाही.

ताळगाव, तुला एवढेच सांगते. वजनाकडे बघत बसू नकोस, मुलाकडे बघ. उतरत नाही असा ताप, पांढरा फटक चेहरा, न पडता अंगावर उठणारे काळेनिळे डाग, रात्री हाड दुखते म्हणून रडणे किंवा उगाच लंगडणे, पोटात गाठ, फोटोत एका डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक. यातले काही दिसले तर थांबायचे नाही. आणि पोटाला काही लागले तर दाबत बसायचे नाही, सोनोग्राफीला जायचे. हे ३ किलोच्या मुलाच्या आईलाही तेवढेच लागू.

मुगागाठी
थिवीताई, वर थट्टा केली त्याची लाज वाटली. चिरंजीवांना पुढच्या गोलासाठी शुभेच्छा.

थिवीची_गाडी
थट्टा करा हो. वॉर्डात आम्ही सगळ्यात जास्त थट्टाच केली.

शंका_कुशंका
ताईंचे वाचून आणखी एक प्रश्न पडला. वजनाने आईबापांना करण्यासारखे काही हाती येत नसेल, तर हे अभ्यास करायचे कशाला? नणंदांना फोटो पाठवायला?

सूक्ष्मदर्शक
कुठला धागा कुठे पोचेल ते आधी कळत नाही. ॲलिस स्टुअर्ट नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टर होत्या. कॅन्सरने गेलेल्या मुलांच्या आयांना त्यांनी गरोदरपणातले बारीकसारीक प्रश्न विचारले. १९५६ मध्ये त्यांनी मांडले की पोटुशी असताना पोटाचा एक्स-रे काढलेल्या आयांच्या मुलांत हा आजार जवळपास दुप्पट. डॉक्टर मंडळींनी त्यांना वर्षानुवर्षे वेड्यात काढले. आज तुमच्या बायकोच्या पोटावर एक्स-रेऐवजी सोनोग्राफीचा जेल लावतात, त्यात त्या आयांच्या उत्तरांचाही वाटा आहे. वजनाच्या अभ्यासाने एवढे सांगितले की गोष्ट पोटात सुरू होते.

सातवा_चालू
माझा सातवा महिना चालू आहे. सासूबाई आधीपासून म्हणतात कमी जेव, बाळ बारीक राहिले तर सुटका सोपी होते. मला पटत नव्हते, पण हे सगळे वाचून वाटते त्यांचे बरोबर असेल. रात्रीचे जेवण सोडून पेज घेऊ का?

उपकेंद्रातली
नको! मी एएनएम, म्हणजे सरकारी नर्स आहे, पेडण्याकडे उपकेंद्रात बावीस वर्षे बाळे जोखतेय. आधी झोळीचा काटा होता, बाळाला कपड्यात टांगायचे नि काटा थरथरायचा थांबेपर्यंत श्वास रोखायचा. आता डिजिटल आहे. त्या काट्यावर मला भीती वाटली ती नेहमी १९०० ची, २१०० ची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत देशातली शंभरातली १८ बाळे अडीच किलोच्या आत होती. थंड पडणे, दूध ओढायला ताकद नसणे, जंतुसंसर्ग, हे त्यांच्या वाट्याला येते आणि पहिल्या महिन्यातच येते. चार हजारात एकाच्या हिशेबाला घाबरून तुम्ही बाळाला त्या रांगेत ढकलणार? दोन्ही वेळ नीट जेवा. सासूबाईंना माझ्याकडे पाठवा, मी बोलते त्यांच्याशी.

आणि आता धागा काढलेल्या ताई. एवढे सगळे बोलले, पण जे पहिल्यांदा विचारायला हवे ते कुणी विचारले नाही. बाळ ४ किलो १२० चे. तुमची साखर किती होती?

कोष्टक
च्यायला. खरेच.

ताळगावचं_वांगं
साखर नॉर्मल होती ताई. तिसऱ्या महिन्यात केली होती.

उपकेंद्रातली
ती पहिली. दुसरी २४ ते २८ आठवड्यांत करायची असते. ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी आणि दोन तासांनी रक्त. १४० किंवा वर गेली तर गरोदरपणातला मधुमेह. ती केलीत?

ताळगावचं_वांगं
ती… गेले होते. पाणी प्यायले आणि लॅबच्या पायरीवरच उलटी झाली. त्यांनी दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी थोरलीला ताप. मग राहूनच गेले. पुढे कुणी विचारले नाही, मीही सांगितले नाही.

आणि आता आठवतेय, बाळ झाल्यावर पहिल्या दिवशी त्याच्या टाचेला टोचून दोन-तीनदा साखर बघितली होती. मी विचारले तर ‘मोठ्या बाळांची बघतो’ म्हणाले.

उपकेंद्रातली
बरोबरच केले त्यांनी. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचे इन्सुलिन बनवते, साखर चरबीत साठवते आणि जाडजूड होते. नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम बंद, इन्सुलिन मात्र तसेच, म्हणून साखर खाली जाऊ शकते. मोठे बाळ म्हणजे साखर होतीच असे नाही, बाळाचे माप तुमच्या उंचीमुळेही असेल. पण गोव्यात आहात तुम्ही. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत मधुमेहात आपले राज्य देशात पहिले, शंभरातली २६.४ मोठी माणसे. दीड महिना झालाय म्हणता ना? हीच वेळ आहे. उपाशीपोटी एक आणि ७५ ग्रॅमनंतर दोन तासांनी एक. या वेळी लिंबू पिळून, हळूहळू प्या.

उंडो_भाजी
२६.४? आणि मी इथे दर सकाळी कडक उंडे मोडतोय.

फणसाचा_गरा
उंडे सोड, सोबतच्या बाटलीचा हिशेब दे.

सातवा_चालू
उपकेंद्राताई, माझीही दुसरी चाचणी राहिली आहे. उद्या जाते. आज रात्री भात, सोलकढी आणि दोन तळलेले बांगडे जेवले. सासूबाई बघत होत्या, काही बोलल्या नाहीत.

ताळगावचं_वांगं
नऊ दिवसांनी परत आले. काल केली. लिंबू पिळून, लॅबच्या बाकावर दोन तास, मांडीवर हा साडेपाच किलोचा ऐवज. उपाशीपोटी १०४, दोन तासांनी १६४.

डॉक्टर म्हणाले अजून मधुमेह नाही, पण दारात उभा आहे. चालायला सांगितलेय, भाताचे माप दिलेय, दरवर्षी तपासायचे. या वेळी त्यांनी समोर बसून वीस मिनिटे समजावले, म्हणून आधीचा राग सोडून दिला. बाळाच्या रक्ताचे काही करायला नको, ताप आला तर मात्र थांबू नका म्हणाले. थिवीताई, तुमची यादी फ्रिजवर लावली आहे. तेल चोळताना हात पोटावरून फिरतो, पण दाबत नाही.

मुगागाठी
आणि नणंद?

ताळगावचं_वांगं
तिला सांगितले, तुझ्या फोटोमुळे माझी साखर सापडली. ती आधी गप्प झाली, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन तपासून आली. तिची माझ्यापेक्षा बरीच जास्त निघालीय. त्या रिपोर्टचा फोटो मात्र तिने अजून ग्रुपवर टाकलेला नाही.